बंदोबस्ताच्या भाकऱ्या

सरकार आलं ते तिसऱ्या दिवशी, आणि आलं तेही नेमकं जेवणाच्या वेळेला.

आधी वळणावर एक निळी गाडी दिसली, तिच्यामागून दुसरी, आणि शेवटी साहेबांची पांढरी जीप. कुडपण गावाच्या अंगाने येणारा तो रस्ता एरवी एकुलत्या एका एस.टी.लाही नको नको करतो, पण आज बिचाऱ्याने सगळं मुकाट्याने अंगावर घेतलं. खालच्या वाडीत न थांबता गाड्या थेट वरच्या वाडीत आल्या, भिकाजींच्या अंगणासमोर उभ्या राहिल्या आणि आतून माणसं उतरायला लागली. डोक्याला हेल्मेट, हातात जाळीच्या ढाली, कमरेला काठ्या. वाडीत आता उरलंय कोण, तर गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं आणि शिमग्याला मुंबईहून आलेले मूठभर चाकरमानी. त्यांच्यासाठी एवढी फौज पाहून गोठ्यातला बैलसुद्धा रवंथ करायचा थांबला.

अनुपमा पडवीत उभी होती. ती गावची पोलीस पाटील. रीतसर परीक्षा देऊन, मुलाखत देऊन झालेली. अशा वेळी पोलीस पाटलाच्या मनात कायदा, शांतता, सुव्यवस्था असलं काहीतरी यायला हवं. तिच्या मनात आलं, पीठ पुरेल का?

कारण बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांनी पोलीस पाटलाच्या घरी जेवायचं, ही या डोंगरातली जुनी रीत. इथे खानावळ नाही, टपरी नाही. वर आलेल्या शिपायाने खायचं तरी काय? भिकाजी स्वतः पोलीस पाटील होते तेव्हापासून हेच चालत आलेलं. त्यांचं वय झालं, पद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा त्यांनी बारावी झालेल्या थोरल्या सुनेला परीक्षेला बसवलं, ते काही तिच्या हुशारीवर खूश होऊन नव्हे. बिल्ला घराबाहेर जाऊ नये म्हणून. बिल्ला अनुपमाच्या नावावर आला, पण ठाण्यातून फोन यायचा तो अजूनही तिच्या सासऱ्यांना, आणि आज साहेब जीपमधून उतरले तेही "काय भिकाजीराव" म्हणतच. अनुपमाला नमस्कार केला तो एका शिपायाने, आणि लगोलग पाणी मागितलं.

मग तिने पदर खोचला आणि ती चुलीपाशी गेली. सासू, बनुबाई, आधीच परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. तीन दिवस त्या फारसं बोलल्या नव्हत्या. तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, तव्यावर टाकायच्या, फुगली की टोपलीत. आत ही एवढी कामं, आणि बाहेर पंगत वाढायला कमरेला पंचा बांधून कोण उभा, तर चंदू. अनुपमाचा धाकटा दीर. "साहेब, अजून घ्या ना. वालाची आमटी घ्या, आमच्या आईच्या हातची हाय," असं म्हणत तो ओळीने वाढत चालला होता. ज्याच्या एका काठीपायी हा सगळा लवाजमा डोंगर चढून आला होता, त्याच्याच हातची आमटी तो लवाजमा भुरके मारून खात होता. अनुपमाला हसू यावं की रडू यावं तेच कळेना. शेवटी तिने भाकरी उलटली.

शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघते ती पहिली वरच्या वाडीत येते आणि मग खालच्या वाडीत जाते. यंदा खालच्या वाडीचं म्हणणं पडलं, एक वर्षाआड तरी पहिला मान आम्हाला द्या. वरच्या वाडीने नाही म्हटलं. कारण विचारलं तर तेही सांगितलं नाही. मग पालखी वळणावर आली तेव्हा सोनबा पुढे येऊन उभे राहिले. सोनबा म्हणजे बनुबाईंचे सख्खे धाकटे भाऊ. बनुबाई खालच्या वाडीतूनच वर दिलेल्या. सोनबांनी ना शिवी दिली, ना हात उगारला. हात जोडून ते म्हणत होते, पालखी इथंच टेकवा, देवीसमोर काय ते बोलू आणि मग खुशाल जा. चंदूच्या हातात पालखी टेकवायची काठी होती. ती त्याने मामाच्या डोक्यात घातली. त्यानंतर धूळ, आरडाओरडा आणि खालूबाजातला एक ढोल फुटला, एवढंच लोक सांगतात. लोकांना ढोल बरोबर दिसला.

काठी बसताना अनुपमाने डोळ्यांनी पाहिली आणि ती धावत पाण्याच्या टाकीवर चढली, कारण फोनला रेंज मिळते ती तिथेच. सरकारी मदतीच्या नंबरावर एक गोड आवाजाची मुलगी बोलली. जवळचा चौक कोणता, म्हणाली. चौक नाही. रस्त्याचं नाव? रस्त्याला नाव नाही. मग एखादं मोठं दुकान, पेट्रोल पंप, काही खूण? अनुपमा म्हणाली, बाई, खूण म्हणून एक दरी आहे. मुलीने तेही लिहून घेतलं असावं. मग अनुपमाने ठाण्यात फोन लावला. तिथून सांगण्यात आलं की गाडी कशेडी घाटात उलटलेल्या ट्रकपाशी अडकली आहे, सुटली की पाठवतो, तोवर तुम्ही दोन्ही गटांना शांत ठेवा. गाडी काही आली नाही. सोनबांना चादरीत घालून, पिकअपच्या हौद्यात आडवं करून खाली महाडला नेलं. तेव्हापासून ते तिथे दवाखान्यात आहेत. कधी शुद्ध येते, कधी जाते, आणि डॉक्टर ठामपणे काही सांगत नाहीत.

त्या वेळी मोटरसायकलवर एक शिपाई आला असता तरी पुष्कळ झालं असतं. आता सगळं थंड झालेल्या वाडीत शांतता राखायला दोन गाड्या भरून माणसं आली होती, आणि त्यांना चटणी तिखट लागत होती.

पहिली पंगत उठली तशी अनिलने तिला मागल्या दारी बोलावलं. अनिल तिचा नवरा. मुंबईला एका कंपनीत सुपरवायझर, शिमग्याला आठवड्याची रजा काढून आलेला. तिथे भिकाजी बाजल्यावर बसले होते आणि चंदू पंच्याला हात पुसत उभा होता. म्हणजे बैठक आधीच भरली होती; तिला फक्त निकाल ऐकायला बोलावलं होतं.

अनिलने निकाल सांगितला. साहेबांनी तोडगा काढलाय. दोन वाड्यांत रेटारेटी झाली, त्यात एक वयस्क इसम पडून जखमी झाला, काठी कोणाची ते समजून येत नाही. दोन्हीकडची सारखी नावं घ्यायची, सगळ्यांनी तहसीलदारांपुढे जाऊन चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यायचा, विषय संपला. दुपारी शाळेत शांतता समितीची सभा आहे. तिथे पोलीस पाटील म्हणून अनुपमाने एवढंच म्हणायचं की गर्दीमुळे काही दिसलं नाही, आणि सही करायची.

"त्यांच्याकडची नावं कोणाकोणाची?" तिने विचारलं.

अनिलने नावं सांगितली. त्यात सोनबांचं नाव पहिलं होतं.

"मामांचं नाव? ते धड शुद्धीवर नायत. ते कुठं जाऊन शांतता मोडणार हायत?"

"कागदावर जोडी लागते गो," अनिल वैतागून म्हणाला. "आपली जेवढी नावं, तेवढीच त्यांची. साहेबांचं म्हणणं, कारवाई दोन्हीकडं सेम दिसली पाहिजे. तू उगाच त्यात डोकं घालू नको."

मग त्याने खरं दुखणं सांगितलं. त्याच्याच कंपनीत चंदूचं सिक्युरिटीत काम ठरलं होतं. त्याला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. बाँडचं साहेब सांभाळून घेणार होते, पण मारहाणीच्या गुन्ह्यात एकट्याचं नाव लागलं की दाखला गेला, नोकरी गेली, आणि चंदू जन्मभर याच ओट्यावर बसून काठ्या फिरवणार. अनिलच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. भावाची काळजी त्याला खरीच होती. फक्त लोकांच्या जिवाचं रक्षण करायच्या नोकरीला आपण कोणाला पाठवतोय, हा विचार त्याच्या डोक्यात आला नव्हता, आणि अनुपमाने तो बोलून दाखवला नाही. घरातल्या भांडणात शब्द कुठे ठेवायचे हे ती लग्न होऊन आली तेव्हाच शिकली होती.

भिकाजी बाजल्यावरून म्हणाले, "सूनबाई, बिल्ला ह्या घराचा हाय. घराला जाळायला नाय दिला तुला."

"आबा, मी बघितलंय."

"सगळ्यांनीच बघितलंय. बघितलं म्हणून सगळे बोलत सुटले तर गाव ऱ्हाईल का?"

दारात बनुबाई उभ्या होत्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. किती ऐकलं, काय ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. चंदूने आईकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याच्या तोंडावर त्या दिवसापासून एक उद्धट हसू चिकटलं होतं. आईपुढे तेवढं ते गळून पडायचं.

"अजून किती जण जेवायचे हायत?" बनुबाईंनी विचारलं आणि उत्तर ऐकायला न थांबता आत गेल्या.

अनुपमा खरकटं टाकायला मागच्या बांधाकडे गेली तेव्हा कुंपणापलीकडे सहदेव उभा दिसला. सोनबांचा मुलगा, तिच्या नवऱ्याचा मामेभाऊ. लहानपणापासून याच अंगणात खेळलेला, याच चुलीवरचं खाल्लेला. आज तो निवडुंगाच्या पलीकडे परक्यासारखा उभा होता. तिने आत ये म्हटलं. तो आला नाही.

"आमी निघालो व्हतो सभेला," तो म्हणाला. "सगळी मिळून. ज्यांनी ज्यांनी बघितलं ती सगळी. म्हटलं, सरकार आलंय तर सरकारम्होरं बोलू. वळणापर्यंत आलो न् माघारी गेलो."

"का रे?"

"वयनी, आमच्या दारावरनं गाड्या गेल्या. बाबा कसे हायत म्हणून कोणी इचारलं नाय. वळणावरनं बघतो तर तुमच्याकडं पंगत, न् चंदू वाढतोय. आमी कोणाम्होरं बोलायचं, सांग. जो आमटी वाढतोय त्याच्याबद्दल, जो खातोय त्याच्याम्होरं?"

तिने समजावायला घेतलं. रीत आहे ही, पोलीस पाटलाच्या घरी जेवतात, चंदूच्या घरी म्हणून नाही.

"घर एकच हाय ना?" सहदेव म्हणाला.

शाळेत चूल मांडता आली असती. खालच्या वाडीतून दोन बायका बोलावता आल्या असत्या. निदान चंदूला त्या पंच्यासकट गोठ्यात पाठवता आलं असतं. गाड्या दिसल्याबरोबर तिला आठवलं होतं ते पीठ, आणि तिने जन्मभर करत आलेली गोष्ट केली होती, पाहुण्यांना जेवू घातलं होतं. साहेबांचा तोडगा ठाण्यात बसूनच ठरला असेल, पण खालची वाडी तर तिच्या भाकऱ्यांनीच परत पाठवली होती. तिला स्वतःचा इतका संताप आला की हातातलं घमेलं तिने बांधावर आपटलं.

मागून पावलं वाजली. बनुबाई पानात भाकरी आणि वर सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आल्या होत्या. भाचा दारात आला की त्याला उपाशी पाठवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी कुंपणावरून हात पुढे केला.

"बाबांना मधेच शुद्ध येते, तवा तुझंच नाव घेतात, आत्या," सहदेव म्हणाला. "बनुताई कुठं हाय म्हणतात. मी काय सांगू त्यांना?"

हे मिटेपर्यंत घरातलं कोणी महाडला जायचं नाही, असं भिकाजींनी बजावलं होतं, आणि बनुबाई गेल्या नव्हत्या. लग्न होऊन वर आल्यापासून भावाची भाऊबीज त्यांनी एकदाही चुकवली नव्हती, पण त्या गेल्या नव्हत्या. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. सहदेवने भाकरीकडे बघितलं, हात मागे बांधला आणि तो उतारावरून खाली गेला. घेतली असती तर काय झालं असतं, असं वाटून अनुपमाला त्याचाही राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी आपल्याला त्याच्यावर रागवायचा काय हक्क, असंही वाटलं. बनुबाई मात्र ते पान छातीशी धरून बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या.

शाळेत सभा भरली. खालच्या वाडीसाठी मांडलेली सतरंजी रिकामीच होती. साहेब बोलायला उठले आणि बोलतच राहिले. ते वाईट माणूस नव्हते, हे अनुपमाला कबूल होतं. दमलेले होते, पोट भरलेलं होतं, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा होता. सण शांततेत पार पडावेत, तरुणांनी व्यसनापासून दूर राहावं, मोबाइलवर काही फिरवू नये, असं सगळं त्यांनी सांगितलं. वळणावर कॅमेरा बसवण्याचा प्रस्ताव वर पाठवला आहे, असंही सांगितलं. वारा आला की वाडीतली वीज चार चार दिवस जाते. कॅमेऱ्याने काय अंधाराचे फोटो काढायचे का, असं मागे बसलेला एक म्हातारा पुटपुटला. पुढच्या वर्षी पालखी पोलीस बंदोबस्तात निघेल, हे ऐकल्यावर मात्र वरच्या वाडीला जरा अभिमानच वाटला. त्यांच्या देवीला आता पहारा मिळणार होता.

"समोरची पार्टी उपस्थित नाही," साहेब शेवटी म्हणाले. "याचा अर्थ त्यांची काही तक्रार नाही, असा होतो. पोलीस पाटील, तुम्हाला काही सांगायचंय? नाही ना? मग या, सही करा."

अनुपमा उठली. अनिल तिच्याकडे बघत होता. रागाने नव्हे, गयावया केल्यासारखा. ते जास्त वाईट होतं. नवरा रागावला असता तर तिला बोलणं सोपं गेलं असतं.

"सांगायचंय साहेब," ती म्हणाली. "काठी चंदूने मारली. माझा दीर. मी तिथंच होते."

कोणी ओरडलं नाही. भिकाजी तेवढे म्हणाले, "सूनबाई, बस खाली," आणि ते इतक्या हळू म्हणाले की तिचे पाय खरंच वाकायला लागले. सासऱ्यांनी सांगितलं की बसायचं ही पायांची सवय. तिने टेबलाची कड धरली.

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. बाई, गर्दी होती, धूळ होती, नक्की दिसलं का, त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. घरातला विषय आहे, नीट विचार करा. सगळं इतकं छान मिटत आलंय. आणि त्या दिवशी फोनवर तर तुम्ही नाव सांगितलं नव्हतंत.

"फोनवर चौकाचं नाव विचारत होते साहेब," अनुपमा म्हणाली. "माणसाचं कोणी विचारलंच नाही. ठाण्यात फोन केला तर तिथून मलाच काम सांगितलं. गावात काय झालं ते खरं कळवायचं, एवढ्याचसाठी सरकारने मला ठेवलंय. ते तरी करू द्या."

साहेबांनी सभेकडे बघितलं. आणखी कोणी पाहिलं असेल तर त्यांनी सांगावं. सभा स्वतःच्या पायांकडे बघायला लागली. चाकरमानी मोबाइल बघायला लागले, जिथे रेंज नाही तिथे. अनुपमाला वाटलं, आता हे सगळं परत तसंच मिटणार. तिचं बोलणं हवेत राहणार, आणि रात्रीचा स्वयंपाक मात्र तिलाच त्याच घरात करायचा आहे.

"मी बघितलं."

बायका दाराशी बसल्या होत्या, तिथून आवाज आला. बनुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. सभेत बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचा आवाज उगाचच मोठा लागला.

"मी देवीची ओटी घेऊन पालखीम्होरं उभी व्हते. माझ्या पोराने माझ्या भावाच्या डोक्यात काठी घातली. सोनबाने हात जोडलेले व्हते. हात जोडलेल्या माणसाला मारलंय त्याने, रेटारेटी कुठली? लिवा."

"बनू," भिकाजी म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा आता. तीन दिवस मी गप ऱ्हायले. काय भलं झालं कुणाचं? भाच्याने माझ्या हातची भाकर नाय घेतली आज." त्या साहेबांकडे वळल्या. "न् पयलं माझ्या भावाचं नाव त्या कागदावरनं काढा. डोकं त्याचं फुटलं, न् चांगलं वागायचं लिवून त्याने द्यायचं व्हय?"

साहेबांनी कपाळ पुसलं. त्यांची जमवलेली शांतता बिघडली होती, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. पण आईने मुलावर बोट ठेवलं की ठाण्यातला माणूससुद्धा रेटारेटी लिहायला धजत नाही. त्यांनी लेखनिकाला दुसरा कागद घ्यायला सांगितलं. बनुबाईंनी सगळं सांगितलं, मग अनुपमाने. चंदू भिंतीला टेकून बसला होता. एकदाच तो म्हणाला, "आई, मी काय मुद्दाम..." अनिल उठून बाहेर गेला.

आता गुन्हेगार सापडला होता, साक्षीदार मिळाले होते, दोन गाड्या पोलीस दारात उभे होते. यापुढे काय व्हायचं ते उघड आहे, असं कोणालाही वाटेल. पण घोडं अडलं ते जागेपाशी. दोन्ही गाड्या माणसांनी आणि ढालींनी भरलेल्या, आणि ती माणसं परस्पर दुसऱ्या तालुक्यात बंदोबस्ताला जायची होती. जीपमध्ये साहेब, लेखनिक, ड्रायव्हर आणि भिकाजींनी दिलेला फणस. मग साहेबांनी चंदूच्या हातात एक नोटीस दिली. उद्या सकाळच्या एस.टी.ने खाली ये, ठाण्यात हजर हो.

"तोपर्यंत हा पोलीस पाटलांच्या ताब्यात," ते अनुपमाला म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिला पोलीस पाटील मानून काही सांगत होते. "तो हजर झाला नाही तर जबाबदारी तुमची."

"साहेब, मी त्याच्याच घरात राहते."

"मग तर सोपंच आहे," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. गाड्या धुरळा उडवत खाली गेल्या. खालच्या वाडीत त्या जातानाही थांबल्या नाहीत.

संध्याकाळ झाली. भिकाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. अनिलने बॅग भरायला घेतली होती. रजा उरली असूनही तो उद्या जाणार होता, आणि तू खूश ना आता, एवढंच त्याने बायकोला विचारलं होतं. ती खूश नव्हती. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त वैताग आला होता. त्या गाड्यांचा, त्या नोटिशीचा, आणि असल्या कामाला सरकारला आपल्याशिवाय कोणी मिळू नये याचाही. तिच्याकडे काठी नव्हती, बेडी नव्हती. दीर मनात आणील तर तिला एका हाताने बाजूला सारू शकत होता.

चंदू ओट्यावर बसला होता, पायात बूट, शेजारी पाठीवरची सॅक. सॅक तिने पाहिली आणि काय ते समजली. ती येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"मी गेलो तर, वयनी?" तो म्हणाला. हसू आज गालावर नव्हतं. "तू धरणार मला?"

"नाय धरू शकत," ती खरं ते बोलली.

बनुबाई आतून आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. वाट अडवायला नव्हे, चंदू तर आधीच बाहेर होता. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय भरून आले होते.

"जा की," त्या म्हणाल्या. "पण खाली जायला रस्ता एकच हाय, सोनबाच्या दारावरनं. सहदेवची आई ओट्यावर बसलेली असंल. तिच्याकडं बघून जायचं, मान खाली घालून नाय. तेवढं जमंल तर जा."

चंदूने खाली बघितलं. खालच्या वाडीत दिवे लागत होते. एका घरात लागला नव्हता. त्या घरातली माणसं महाडला होती, नाहीतर अंधारात बसून होती.

"सकाळच्या गाडीने मी पण येनार," बनुबाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "तुला ठाण्यात सोडनार न् तशीच म्होरं भावाकडं जानार. कोणी मला आडवायचं नाय. अनुपमा, तू माझ्यासंगं चल. ह्याच्या एका बाजूला मी बसंन, एका बाजूला तू."

अनुपमाने मान हलवली. आत भिकाजींनी कूस बदलल्याचा आवाज झाला.

चंदू बराच वेळ त्या उतारावरच्या रस्त्याकडे बघत बसला. दोनदा त्याने सॅकला हात घातला. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तोंड गुडघ्यांत खुपसून तो रडला. मामाचं नाव घेऊन, लहान पोरासारखा. त्याला कोणी जवळ घेतलं नाही. रडून झाल्यावर तो वाकला आणि एकेक करून त्याने बुटांच्या नाड्या सोडल्या.